ओव्याचं फूल आणि पावसाळ्यातली बुरशी

आम्ही मुंबईच्या उपनगरांतून बोलतोय. आमच्यातल्या कुणी मुलुंडला राहतात, कुणी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, कुणी अंधेरीच्या चाळीत, तर कुणी बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. पण गाव विचारलंत तर कोकण, सातारा, जुन्नर, खानदेश अशीच नावं निघतील. पावसाळ्याआधी गावाहून बोचकं येतं. त्यात भुईमुगाच्या शेंगा असतात, लाल मिरच्या, कोकम, सुकी मासळी असते. आणि जुलै उजाडला की आम्ही सगळ्या एकच लढाई लढत असतो. ती म्हणजे बुरशीशी.

ट्रंकेतल्या साड्यांना कुबट वास येतो. चपलांवर पांढरा बुरा चढतो. शेंगदाण्यांवर हिरवट पूड दिसते. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, कमरेला परकराच्या नाडीखाली गजकर्ण उठतं. तुमच्याकडेही हेच असणार, कारण ओल आणि ऊब जिथे एकत्र येते तिथे बुरशी येतेच.

मग घरातली मोठी बाई सांगते, ओवा ठेव, लवंग ठेव, तुळशीचा रस लाव. आणि हल्ली दुकानात छोट्या बाटल्या मिळतात, गवती चहाचं तेल, तुळशीचं तेल, निलगिरीचं तेल. त्यावर मोठमोठं लिहिलेलं असतं. म्हणून आज आम्ही दोनच प्रश्न घेऊन बसलोय. या वासाच्या वनस्पतींत बुरशी मारायची ताकद खरोखर आहे का? आणि असेल, तर ती कुठे वापरायची आणि कुठे तिच्या भरवशावर राहायचं नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच सांगून टाकतो. हो, ताकद आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

आधी हे तेल म्हणजे काय ते पाहू. आपण रोज वापरतो ते शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल वेगळं. घरी करून बघा. एका कागदावर खोबरेल तेलाचा थेंब टाका आणि शेजारी निलगिरीच्या तेलाचा. थोड्या वेळाने बघितलंत तर खोबरेलाचा डाग तसाच असेल, निलगिरीचा जवळजवळ उडून गेलेला असेल. खोबरेल तेलाचे कण मोठे आणि जड असतात, ते उडत नाहीत. वासाच्या तेलाचे कण अगदी लहान असतात, ते हवेत उडतात आणि नाकात शिरतात. वास येतो तो त्यामुळेच. म्हणून याला उडणारं तेल म्हणतात, सुगंधी तेलही म्हणतात. कागदावर तेलकट डाग राहिला तर समजा, त्या बाटलीत साधं तेल मिसळलंय.

झाड हे तेल आपल्यासाठी बनवत नाही. झाडाला पळता येत नाही. कीड आली, बुरशी आली तर उभ्या जागी लढावं लागतं. पानावर, देठावर, बियांच्या सालीत ते या तेलाच्या बारीक पिशव्या भरून ठेवतं. तुळशीचं पान चुरडलं की वास येतो, म्हणजे त्या पिशव्या फुटल्या. तेव्हा बुरशीशी लढणं हा या तेलाचा मूळ धंदाच आहे.

पण तेल असतं किती? शंभर किलो गवती चहा भट्टीत घातला तर साधारण अर्धा किलोच्या आसपास तेल मिळतं. तुळशीच्या शंभर किलो ताज्या पाल्यात एक किलोही तेल नसतं. ओवा मात्र श्रीमंत आहे, शंभर किलो ओव्यातून दोन ते चार किलो तेल निघतं. हा हिशोब लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

तेल काढायची रीत आपल्याला ओळखीची आहे. भाताच्या झाकणाखाली वाफेचे थेंब जमतात ना, तसंच. पाल्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर तेल उडतं, मग ती वाफ थंड नळीतून न्यायची. पाणी आणि तेल खाली जमतात, तेल बहुधा वर तरंगतं. खाली राहतं ते सुवासिक पाणी, म्हणजे अर्क. त्याला वास भरपूर असतो, पण तेल फारच कमी.

आपल्या महाराष्ट्रात हे काम जुनं आहे. खानदेशातलं रोशा गवत तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूच्या डोंगरउतारांवर ते वाढतं. इंग्रजांच्या काळात तिथे ओढ्याकाठी भट्ट्या लावून रोशाचं तेल काढत. ते मुंबईच्या बंदरातून जहाजाने पार तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जाई. का? तर दोन्हींमध्ये जिरॅनिऑल नावाचा एकच वासाचा कण आहे. डोंगरातल्या गवतात आणि गुलाबात एकच कण! यातून एक गोष्ट शिकायची. झाडाचं नाव काय आहे यापेक्षा त्याच्या तेलात कोणता कण आहे हे महत्त्वाचं. बुरशीलाही झाडाचं नाव कळत नाही, तिला कण कळतो.

आता ते कण कोणते? ओव्यात आहे थायमॉल. पानओव्याच्या जाड, लुसलुशीत पानांत कार्व्हाक्रॉल असतं, बरोबर थायमॉलही असतं. लवंगेत युजेनॉल आहे, तुळशीतही ते असतं. गवती चहात सिट्रल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, पुदिन्यात मेंथॉल, निलगिरीत सिनिऑल. नावं पाठ करायची गरज नाही. त्यांच्यातला फरक तेवढा समजून घेऊ.

थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या जणू जुळ्या बहिणी. दोघींत कार्बनचे 10 अणू, हायड्रोजनचे 14 आणि ऑक्सिजनचा 1. माणसं तीच, फक्त एकीची पंगतीत बसायची जागा बदललेली. त्या ऑक्सिजनला एक हायड्रोजन चिकटलेला असतो आणि ही जोडी एका सहा कोनी कड्याला लटकलेली असते. अशा रचनेला फिनॉल म्हणतात. लवंगेतलं युजेनॉल दुसऱ्या घराण्यातलं, पण त्यालाही ही जोडी आहे. ज्या तेलात ही फिनॉलची जोडी भरपूर, ते बुरशीला जास्त जड जातं. सिट्रल आणि दालचिनीचा कण हे अल्डिहाइड या जातीचे, तेही जोरदार. निलगिरी आणि कापूर यांचा वास मोठा, पण बुरशीपुढे ते त्यामानाने मवाळ. म्हणजे वास जितका उग्र तितकी ताकद मोठी, असं काही नाही.

हे कण बुरशीचं करतात काय? दुधावरची साय डोळ्यांपुढे आणा. बुरशीच्या प्रत्येक पेशीभोवती अशीच एक पातळ स्निग्ध साय असते. ती आहे तोवर आतलं आत राहतं, बाहेरचं बाहेर. वासाच्या तेलाचा कण स्निग्धात सहज मिसळतो. तो त्या सायीत घुसतो आणि साय विसविशीत होते. आतले क्षार गळून जातात आणि पेशी मरते. कण कमी पडले तर मरत नाही, नुसती वाढ थांबते. कण उडून गेले की ती पुन्हा वाढायला लागते.

बुरशीच्या या सायीत अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, तो तिचा विणकामाचा धागा समजा. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. डॉक्टर बुरशीवर ज्या गोळ्या देतात त्यातल्या बऱ्याचशा हा धागाच बनू देत नाहीत. म्हणून त्या बुरशीला मारतात आणि आपल्याला सांभाळतात. वासाच्या तेलाला मात्र एवढा भेदभाव कळत नाही. ते आपल्या कातडीच्या पेशींनाही जाळू शकतं. लवंगेचं निव्वळ तेल हिरडीला लागलं की काय होतं हे दाढदुखीत ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

ओव्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ओव्याचं तेल थंड ठेवलं की त्यातून पांढरे खडे निघतात. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात ते ओव्याचं फूल म्हणून मिळतात. तेच थायमॉल. पहिल्या महायुद्धाआधी आपल्याकडचा ओवा जहाजांनी जर्मनीला जाई, तिथे त्याचं थायमॉल काढत आणि ते जगभर विकत. 1914 साली युद्ध पेटलं, माल जाणं थांबलं आणि मग थायमॉल इथेच काढायचे प्रयत्न सुरू झाले. कच्चा माल आपला आणि किंमत दुसऱ्याच्या हातात, हे तेव्हाही होतं.

हेच ओव्याचं फूल आपल्या देशातल्या ग्रंथालयांत आणि दफ्तरखान्यांत बुरशीवर वापरत आले आहेत. बुरशी धरलेली जुनी कागदपत्रं एका बंद कपाटात ठेवतात. खाली बशीत थायमॉलचे खडे, त्या बशीखाली विजेचा छोटा दिवा. दिव्याच्या उबेने खडे वाफ होतात आणि ती वाफ कागदावरची बुरशी मारते. यात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे कपाट बंद आहे. दुसरी म्हणजे कागद आधी वाळवलेला आहे. उघड्या खोलीत हेच खडे ठेवले असते तर वाफ खिडकीतून निघून गेली असती.

आपल्या स्वयंपाकघरातही हे शास्त्र आहे. मोहरी फेसून लोणचं घालतो ना? कोरड्या मोहरीला झोंबणारा वास नसतो. ती कुटून पाण्यात फेसली की दोन वेगवेगळ्या कप्प्यांतले पदार्थ एकमेकांना भेटतात आणि त्यातून तो नाकात जाणारा झणका तयार होतो. तो कणही उडणाराच आहे आणि बुरशीचा तो कट्टर वैरी आहे. पण लोणचं टिकतं ते एकट्या मोहरीमुळे नाही. मीठ, आंबटपणा, वर आलेलं तेल आणि कोरडा चमचा हे सगळे मिळून ते टिकवतात. मीठ कमी केलंत तर मोहरी कितीही फेसा, लोणचं बुरसणारच.

दुसरं उदाहरण अमृतधारेचं. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर असे तीन कोरडे खडे बाटलीत एकत्र हलवले की आपोआप पातळ होतात, पाण्याचा थेंबही लागत नाही. तिघांचे कण एकमेकांना घट्ट रांगेत बसू देत नाहीत, म्हणून खडा विरघळतो. दिसायला गंमत आहे, पण ही बाटली उंचावर ठेवा. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ कापूर किंवा पुदिन्याचं फूल कधीही लावायचं नाही.

आता आमच्या मुलुंडची गोष्ट. 1922 साली स्थापन झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीचं नाव सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात जुनं आहे आणि त्यांचं काम मुलुंडला आहे. पूर्वेला केळकर एज्युकेशन ट्रस्टचं वझे महाविद्यालय आहे, ते 1984 सालचं. तिथे सुगंधी द्रव्यं आणि सौंदर्यप्रसाधनं यांचं शिक्षणही मिळतं. वासाच्या धंद्यात तेल नुसतं हुंगून घेत नाहीत, ते यंत्रावर तपासतात. गॅस क्रोमॅटोग्राफी असं त्या पद्धतीचं नाव. तेलाचा एक बारीकसा थेंब लांबलचक नळीतून जातो आणि त्यातला एकेक कण आपापल्या वेळी बाहेर येतो. शर्यतीत धावणाऱ्या मुली एकामागून एक फीत ओलांडतात, तसं. कोणता कण किती, ते कागदावर छापून येतं.

हे कशाला सांगतोय? कारण तुळशीचं तेल म्हटलं तरी सगळं एक नसतं. एका जागच्या तुळशीत युजेनॉल भरपूर, दुसऱ्या जागच्या तुळशीत त्याच्याऐवजी दुसराच कण जास्त. पीक कधी कापलं, पाला कसा सुकवला, किती वेळ वाफ दिली, यावरही तेल बदलतं. दालचिनीच्या सालीचं तेल वेगळं आणि तिच्याच पानाचं तेल वेगळं, पानात युजेनॉल जास्त असतं. म्हणून शेजारणीला एका तेलाने गुण आला तर त्याच नावाच्या दुसऱ्या बाटलीने आपल्याला येईलच असं नाही.

बाटल्यांवर लिहिलेलं असतं की प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. ते खोटंच असतं असं नाही. पण तो प्रयोग कसा असतो ते ऐका. एका काचेच्या ताटलीत बुरशीचं खाणं पसरतात, त्यावर बुरशी पेरतात आणि मध्ये तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवतात. टिकलीभोवती बुरशी उगवली नाही तर तेल चाललं. लवंग, ओवा, दालचिनी, गवती चहा या परीक्षेत चांगल्या पास होतात. पण ताटलीवर झाकण असतं, आपल्या अंगावर नसतं. ताटलीत तेल निव्वळ असतं, अंगाला तेवढं लावलं तर कातडी सोलेल. आणि अंगावरून ते घामाबरोबर जातं, हवेत उडतं. नखाच्या आत किंवा केसाच्या मुळाशी तर ते पुरेसं पोचतच नाही.

माणसांवरच्या चाचण्याही झाल्यात. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाचं झाड आहे, त्याच्या तेलाची चाचणी 2002 साली प्रसिद्ध झाली. पायाच्या बोटांत बुरशी असलेली 158 माणसं त्यात होती. निम्मं तेल असलेलं औषध चार आठवडे लावल्यावर शंभरात साधारण 64 जणांची बुरशी गेली. नुसतं बिनऔषधी द्रावण लावलेल्यांतही शंभरात 31 जणांची गेली. म्हणजे तेलाने फरक पडला, पण तिसरा हिस्सा लोकांना तरीही गुण आला नाही, आणि काहींची कातडी त्या तेलानेच पेटली. आणि ते तेल मोजून-मापून केलेलं होतं, घरी वाटलेला पाला नव्हे. मघाचा हिशोब आठवा. तुळशीची मूठभर पानं वाटून लावली तर त्यात तेलाचा एखादा थेंब असेल-नसेल.

इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत, कारण गजकर्ण पूर्वीसारखं राहिलेलं नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात एक नवी चिवट बुरशी पसरली आहे. 2020 साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई असं नाव मिळालं, त्या नावात आपल्या देशाचं नाव आहे. नेहमीच्या गोळीला ती अनेकदा दाद देत नाही. 2023 साली ती न्यूयॉर्कच्या रुग्णांतही सापडली. ती एवढी पसरली त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली मिश्र मलमं. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बाईला वाटतं बरं झालं. पण ते कातडीची लढायची ताकदच झोपवतं. मग बुरशी आत आरामात पसरते. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तरी ती मागितली की मिळतात.

आमच्यातली एकजण चार घरची धुणीभांडी करते. दिवसभर कमरेचा परकर ओला. कमरेला चट्टा उठला तेव्हा तिने दुकानातून अशीच नळी आणली. आठ महिने ती लावायची, थांबायची, पुन्हा लावायची. चट्टा मांडीवर गेला, मग तिच्या मुलीला झाला, मग नवऱ्याला. त्यावर कुणी ओव्याचं तेल सांगितलं, त्याने नुसती आग झाली. लाजेने ती डॉक्टरकडे जात नव्हती. शेवटी आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी तिघांनाही एकाच वेळी औषध दिलं, कित्येक आठवडे चालवलं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही चालूच ठेवलं. तिचा त्यात मजुरीचा किती दिवस बुडाला आणि किती पैसे गेले, ते तिचं तिला माहीत. म्हणून सांगतो, गजकर्ण, नायटा, नखाची बुरशी, डोक्यातली बुरशी यांना वासाच्या तेलाच्या भरवशावर ठेवू नका. आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कमरेखालचा चट्टा दाखवायला लाज वाटते हे आम्हाला कळतं. एकीने दुसरीबरोबर जावं, बचत गट त्यासाठीही असतो.

आता धान्याकडे येऊ. हा विषय याहून मोठा आहे. शेंगदाणे, मका, मिरची, खोबरं यांवर येणारी एक पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवते. ते यकृतावर जातं. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसाने मका भिजला. त्याला बुरशी लागली, घरात दुसरं काही नव्हतं म्हणून आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. शंभरावर माणसं काविळीने गेली. तेच खाणारी घरातली कुत्रीही मेली.

गवती चहा, तुळस, ओवा यांची तेलं ही बुरशी वाढू देत नाहीत आणि तिचं विष बनणंही रोखतात, यावर आपल्या देशात बरंच संशोधन झालंय. पण ते बंद भांड्यात, ठरावीक मात्रेत, आणि बुरशी यायच्या आधी. एकदा विष तयार झालं की कुठलंही तेल ते काढू शकत नाही. दाणे भाजले, तळले, उन्हात टाकले, वर सुगंधी काही चोळलं, तरी विष पुरतं जात नाही. कुबट वास झाकला जातो, एवढंच. आणि तेच जास्त वाईट, कारण कुबट वास ही आपल्याला मिळालेली सूचना असते. बुरसलेला दाणा निवडून फेका. गुरांनाही घालू नका, दुधातून ते विष परत आपल्याच घरात येतं.

मग करायचं काय? आधी वाळवण, मग झाकण, आणि वास सगळ्यांत शेवटी. शेंगा कानाशी हलवल्या की दाणे खुळखुळले पाहिजेत, तोवर त्या उन्हातच राहू द्या. पोतं जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळी घाला. साड्या-गोधड्या पावसाळ्याआधी कडक उन्हात वाळवा, मग ट्रंकेत भरा. ट्रंकेचं झाकण घट्ट बसत असेल तर छोट्या उघड्या डबीत कापसावर लवंगेच्या किंवा गवती चहाच्या तेलाचे चार-पाच थेंब टाकून ती डबी एका कोपऱ्यात ठेवा, कपड्याला तेल लागू देऊ नका. दर पंधरवड्याला थेंब बदला. पॉलिश केलेल्या लाकडाजवळ ओव्याचं फूल ठेवू नका, त्याच्या वाफेने पॉलिश मऊ पडतं.

भिंतीवरच्या बुरशीला तेलाचा उपयोग नाही. घाटकोपरच्या आमच्या डोंगरावरच्या घरांत मागची भिंत मातीला टेकलेली असते, पाणी झिरपतच राहतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर कितीतरी घरांच्या भिंती महिनोन्‌महिने काळ्या होत्या. तिथे पाणी कुठून येतंय ते बघावं लागतं.

पायाच्या चिखल्यांनाही हेच. पाय धुवा, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसा, सुती कापड वापरा, एकमेकींचे टॉवेल घेऊ नका. कुणाला तेल लावायचंच असेल तर एक चहाचा चमचा खोबरेल तेलात एक किंवा दोन थेंब, जास्त नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा. आग झाली, लाल झालं तर सोडून द्या. निव्वळ तेल अंगाला नको, डोळ्याजवळ नको, पोटात नको. पोटुशी बाई आणि लहान मूल यांच्यासाठी तर नकोच. जुनं झालेलं तेल हवेने बिघडतं आणि कातडीला जास्त झोंबतं, म्हणून ते काळसर काचेच्या बाटलीत, भरलेलं आणि थंड जागी ठेवा. प्लास्टिकची बाटली ते खातं.

शेवटी गटांसाठी दोन शब्द. 2017 पासून केंद्र सरकारच्या वैज्ञानिक परिषदेचं अरोमा मिशन चालू आहे, लखनौची सीमॅप ही संस्था त्यात गवती चहा, रोशा यांची सुधारित बेणी आणि भट्टीचं शिक्षण देते. हलक्या, कमी पाण्याच्या जमिनीतही ही गवतं येतात आणि जनावरं ती सहसा खात नाहीत. पण भट्टी घेण्याआधी शंभर किलोला अर्धा किलोचा हिशोब मांडा, सरपण, पाणी आणि मजुरी धरा, आणि तेल कोण घेणार ते आधी विचारा. तपासणीचा कागद जोडलेल्या तेलाला भाव वेगळा मिळतो. अंगाला लावायचा साबण, तेल, मलम बनवून विकायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यावर गजकर्ण बरं होतं असं लिहिलं की ते औषध ठरतं आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. ते नियम जाचक वाटतात खरे, पण आमच्या त्या मैत्रिणीची आठ महिन्यांची कमर आठवली की ते का आहेत हे कळतं. कपाटात ठेवायची सुवासिक पुडी, दारात जाळायचा धूप, यांपासून सुरुवात करणं गटाला सोपं जाईल.

तर मैत्रिणींनो, ओवा, लवंग, गवती चहा यांना आजी मान देत होती ते बरोबरच होतं. पण आजी आधी ऊन दाखवायची आणि मग लवंग ठेवायची, हा क्रम आपण विसरतो. यंदा श्रावणात ट्रंक उघडाल तेव्हा आधी हात फिरवून बघा, कपडा कोरडा आहे का. आणि घरात कुणाला चट्टा असेल तर या आठवड्यातच तिला घेऊन दवाखान्यात जा. तुमच्या गावात बुरशीवर काय वापरतात, कोणता पाला, कशा रीतीने, ते आम्हाला कळवा. त्यावर पुढच्या वेळी बोलू.